दोन तुकड्यांमधली रेघ

मोनाली डुंबरेने चौदावी तक्रार भरायला घेतली, तेव्हा शेजारच्या कपातला चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. तक्रारीच्या पानावर पहिलाच रकाना होता, ‘तक्रार कोणत्या तुकड्याबद्दल आहे?’ त्यात एकच आकडा मावत होता. मोनालीची तक्रार कुठल्याच तुकड्याबद्दल नव्हती. ती ४४१७ आणि ४४१८ या दोन तुकड्यांच्या मधल्या रेघेबद्दल होती. पहिल्या खेपेला तिने ४४१७ लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘तुकडा ४४१७ तपासला. प्राणी आढळला नाही. तक्रार बंद.’ मग तिने ४४१८ लिहिलं. ‘तुकडा ४४१८ तपासला. प्राणी आढळला नाही. तक्रार बंद.’ दोन्ही उत्तरं अगदी खरी होती, आणि म्हणूनच तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

हे २०३७ च्या उसाच्या हंगामातलं. हिवरटेक आणि आसपासच्या अकरा गावांमध्ये तोवर ‘राखण’ येऊन तीन वर्षं झाली होती. ऊस वाढला की बिबट्या उसात राहायला येतो, तिथेच मादी पिल्लं घालते, हे त्या भागाला नवं नव्हतं. नवी होती ती राखण. पहाटे साडेचारला, जमीन सगळ्यात गार असते त्या वेळी, सहा ड्रोन उडत आणि अंगातल्या उष्णतेवरून चित्र काढत. उसाच्या पात्याआड बसलेला प्राणी वरून दिसत नाही. पण एकाच जागेकडे चाळीस बाजूंनी पाहिलं तर प्रत्येक फटीतून त्याच्या अंगाचा थोडा थोडा भाग दिसतो, आणि त्या चाळीस चित्रांची बेरीज केली की पाती विरून जातात आणि काळ्या पडद्यावर पांढरट, उबदार आकार उरतो. शोध खरोखर मोठा होता. पहिल्या वर्षी ते चित्र पाहून मोनालीच्या अंगावर काटा आला होता.

अडचण पुढे होती. बारा किलोमीटर रुंद आणि आठ किलोमीटर लांब अशा मुलखाचं ते एकच चित्र होतं, दहा दहा सेंटिमीटरच्या ठिपक्यांचं. असे साडेनऊशे कोटींहून जास्त ठिपके. चित्र वाचून ‘इथे बिबट्या आहे’ असं सांगणाऱ्या यंत्राला एवढा घास एका वेळी गिळता येत नव्हता. त्याला हजार ठिपके रुंद आणि हजार ठिपके उंच असा एक तुकडा लागायचा. म्हणून रोज त्या चित्राचे नऊ हजार सहाशे चौकोनी तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा म्हणजे शंभर मीटर बाय शंभर मीटर जमीन, आणि एकेक करून यंत्राला भरवायचे. तुकडे करणारं स्वतंत्र यंत्रही यायचं होतं, पण ते पुरवणारी कंपनी मध्येच निघून गेली. तेव्हापासून ‘तात्पुरती व्यवस्था’ म्हणून मोनाली होती. ग्रामपंचायतीच्या वरच्या खोलीत पहाटे पाच वाजता बसायचं, फोटो दुरुस्त करायच्या एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते अवाढव्य चित्र उघडायचं, वाऱ्याने तिरकं झालं असेल तर सरळ करायचं, त्यावर ठरलेल्या निळ्या रेघांची जाळी टाकायची आणि ‘कापा’ म्हणायचं. सहा वाजेपर्यंत प्रत्येक मळ्यातल्या लोकांच्या मोबाइलवर दिवा लागे. लाल म्हणजे उसाजवळ जाऊ नका. हिरवा म्हणजे खुशाल जा.

लग्नाआधी ती नारायणगावात एका फोटो स्टुडिओत काम करायची. नवरीच्या गालावरचे फोड काढणं आणि बिबट्याच्या चित्राचे तुकडे करणं यात हाताला काही फरक नव्हता. तीन वर्षं ती निमूट कापत होती.

मग कार्तिकात त्यांच्या डुंबरे मळ्यातून कालवड गेली. दिवा हिरवा होता.

गावात लोक हळहळले आणि म्हणाले, तरस असेल. मोनालीने मात्र त्या दिवशीचं अख्खं चित्र, न कापलेलं, पुन्हा उघडलं. डाव्या कालव्याच्या कडेने एक सरळ पायवाट जाते, जेमतेम तीन मीटर रुंद, डुंबरे मळ्याच्या दारावरून. त्या वाटेवर एक बिबट्या चालत होता. कान, पाठ, शेपटीची उबदार रेघ, सगळं कसं स्वच्छ. मग तिने कापलेले तुकडे पाहिले. ४४१७ च्या उजव्या कडेला त्याचा अर्धा भाग होता आणि ४४१८ च्या डाव्या कडेला उरलेला अर्धा. यंत्राने दोन्ही सोडून दिले होते.

का सोडले, हे तिला कार्यपद्धतीच्या पुस्तकात सापडलं. राखण इथे यायच्या आधी, चाचणीच्या काळात, तुकडे एकमेकांवर थोडे चढवून कापत, म्हणजे कडेचा प्राणी दोन्हीकडे पूर्ण येई. पण मग एकच बिबट्या दोनदा मोजला जाऊ लागला. एका हिवाळ्यात एकेचाळीसचे अठ्ठावन्न झाले, वर्तमानपत्रात आलं, विधानसभेत प्रश्न झाला, आणि कुणीतरी वरून फर्मान काढलं की तुकडे चढवायचे नाहीत आणि कडेपासून पंधरा ठिपक्यांच्या आतलं काही मोजायचंच नाही. पंधरा इकडचे, पंधरा तिकडचे. जमिनीवर त्याचे होतात तीन मीटर. प्रत्येक रेघेच्या खाली तीन मीटरचा एक पट्टा, ज्यात यंत्राला हत्ती उभा केला तरी दिसणार नाही. जाळी रोज त्याच जागी पडे, त्यामुळे पट्टेही रोज तेच. आणि उभी सत्त्याण्णवावी रेघ दोन किलोमीटर त्या पायवाटेवरूनच जात होती. बिबट्याला काही हे माहीत नव्हतं. त्याला फक्त चालायला मोकळी वाट आवडत होती.

तिने मागच्या सव्वीस दिवसांची चित्रं उघडली. एकोणीस दिवस तो त्या वाटेवर होता. एकोणीसही दिवस दिवा हिरवा.

चौदावी तक्रार बंद झाल्यावर तिने पुण्याला निनाद प्रभुणेंना व्हिडिओ कॉल लावला. ते राखण प्रकल्पाचे समन्वयक. वयाने तिच्याएवढेच, बोलायला अतिशय सभ्य, आणि त्या सभ्यतेवर डोकं आपटावं इतके गुळगुळीत.

“मॅडम, तुमच्या सगळ्या तक्रारींची नोंद घेतली आहे.”

“नोंद नको सर, चित्र बघा. पाठवलंय. वाटेवर बिबट्या आहे.”

“दिसतोय ना. छान आलंय चित्र. पण तो तुकड्यात आहे का?”

“नाही, रेघेवर आहे.”

“म्हणजे तुकड्यात नाही.”

“अहो, पण जमिनीवर आहे ना!”

प्रभुणे समजूतदारपणे हसले. “मॅडम, आपली अचूकता अठ्ठ्याण्णव पूर्णांक सात टक्के आहे.”

“ती तुकड्यांतल्या प्राण्यांची. कडेचे तुम्ही धरतच नाही. म्हणजे जे दिसतात त्यांच्यापैकी किती दिसले, हे मोजताय तुम्ही.”

“कार्यपद्धती प्रमाणित आहे. ती बदलायची तर नव्याने चाचण्या, नव्याने मान्यता. दीड वर्षं धरा. तोपर्यंत सगळी यंत्रणा बंद ठेवायची का? तुम्हीच सांगा.”

“तुकडे फक्त तीस ठिपके चढवा. दोनदा मोजलेला प्राणी एकदाच धरायला चार ओळींचा हिशेब लागतो. मी लिहून देते.”

“मॅडम,” प्रभुणे म्हणाले, “आपलं काम कापण्याचं आहे. आपण उत्तम कापता.”

कॉल संपल्यावर मोनालीने टेबलावर इतक्या जोरात हात मारला की खालून ग्रामसेवकाने विचारलं, काय पडलं?

घरी तरी कुणी ऐकेल, असं तिला वाटलं होतं. तिचा नवरा तुषार मळ्यांमधून दूध गोळा करून डेअरीला पोचवायचा. सकाळी सहाला दिवा पाहून तो कॅन लावलेली मोटारसायकल काढी आणि त्याच कालव्याच्या वाटेने जाई.

“उद्यापासून रस्त्याने जा,” ती म्हणाली.

“चार किलोमीटरचा वळसा पडतो. दूध नासतं.”

“वाटेवर बिबट्या असतो, तुषार. एकोणीस दिवस होता.”

“आणि एकोणीस दिवस मी गेलो. काय झालं?”

“तो तू यायच्या आधी उसात शिरत असेल म्हणून. एखाद दिवशी नाही शिरला तर?”

“मग लाल लागेल ना.”

“नाही लागणार! तेच तर सांगतेय मघापासून. तिथे लाल लागूच शकत नाही!”

तुषारने शांतपणे मोबाइल तिच्या पुढे धरला. हिरवा होता. “हे बघ. तूच कापतेस ना हे? तुझ्यावरच विश्वास ठेवून जातो मी.”

पूर्वी हाच तुषार हातात काठी घेऊन, घसा फोडून गाणी म्हणत त्या वाटेने जायचा. बायका चौघी-पाचजणी मिळून गवताला जात. बॅटरी, कुत्रं, खोकणं, खाकरणं, सगळं असे. तीन वर्षांत ते सगळं बंद पडलं होतं. लोक आता मोबाइल बघत आणि गुपचूप, एकेकटे, उसात शिरत. राखणीने बिबट्याची भीती घालवली होती, आणि ती जिथे ठेवायला हवी होती तिथूनही घालवली होती.

पुढचे चार दिवस तिने रोज चित्र कापलं, रोज बिबट्याचे दोन भाग केले आणि रोज तुषार परत येईपर्यंत खिडकीशी उभी राहिली. पाचव्या दिवशी पहाटे पडद्यावर दिसलं की बिबट्या आज चालत नव्हता. वाटेवर, त्यांच्याच दारापासून दीडशे मीटरवर, आडवा पसरून बसला होता.

तिने तुषारला फोन केला. तो आंघोळीला गेला असावा. पुन्हा केला. मग तिने फोन ठेवला आणि माउस हातात घेतला.

करायचं काहीच अवघड नव्हतं. निळ्या रेघांची जाळी पकडून अर्धा तुकडा उजवीकडे सरकवायची, पाचशे ठिपके, म्हणजे पन्नास मीटर. सोबत जाणाऱ्या फाइलीत सुरुवातीचा आकडा तेवढाच बदलायचा, म्हणजे जागा चुकत नाहीत. दोन मिनिटांचं काम. जाळी सरकली आणि बिबट्या एका तुकड्याच्या बरोबर मधोमध आला.

‘कापा’ म्हणायच्या आधी तिने जाळीवरून एक नजर फिरवली. उभी रेघ आता दुसरीकडे जाणार होती. सगळ्याच उभ्या रेघा दुसरीकडे जाणार होत्या. कालव्यापलीकडे औटी मळ्यात तिची मोठी नणंद वनिता राहायची. एक रेघ वनिताताईंच्या गोठ्याच्या मागे, गोठा आणि ऊस यांच्या मधल्या चरावरून जात होती. चराच्या लांबीभर. मोनालीने ते मोठं करून पाहिलं. चरात त्या दिवशी काही नव्हतं. औटी मळ्यात वर्षभरात बिबट्या दिसलाही नव्हता.

तिने कापलं.

सहा वाजता डुंबरे मळ्याचा दिवा लाल झाला. तुषार घरी थांबला, वन खात्याची माणसं आली, फटाके वाजवले, बिबट्या झेपा टाकत ओढ्याकडे पळाला. पंचवीस जणांनी पाहिला. सकाळी नऊ वाजता तुषार पंचायतीत पेढे घेऊन आला.

“बघ,” तो म्हणाला, “सांगत होतो ना? असला की मशीन बरोब्बर सांगतं. तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस.”

मोनालीने पेढा हातात घेतला. काय झालं ते सांगितलं तर दिवसभरात अकरा गावांत होणार, संध्याकाळपर्यंत पुण्याला, आणि उद्या जाळी पुन्हा जागच्या जागी. तिने पेढा खाल्ला.

जाळी तिने तशीच सरकवलेली ठेवली. नऊ दिवस तिला झोप लागली. रोज कापण्याआधी ती औटी मळ्याचा चर मोठा करून बघे. मोकळा असे. सहाव्या दिवसापासून कामाच्या घाईत बघायचं राहू लागलं.

दहाव्या दिवशी सकाळी सव्वासहाला वनिताताईंनी मोबाइलवर हिरवा दिवा पाहिला, बादली घेतली आणि धारा काढायला गोठ्याकडे गेल्या. चरात मादी होती, दोन पिल्लांसकट. तिने उजवा हात कोपरापासून धरला. शेजारची माणसं आरडाओरडा करत धावली म्हणून तिने सोडला, नाहीतर मानेलाच धरणार होती. हात वाचला. बोटांमध्ये जोर येईल की नाही, हे डॉक्टर सांगेनात.

मोनाली पळत पंचायतीच्या खोलीत गेली आणि चित्र उघडलं. तीन उबदार आकार रेघेवर होते, एक मोठा आणि दोन लहान, एकमेकांना बिलगलेले. तिने त्यांचे अगदी सरळ दोन भाग केले होते.

तुषारला तिने दवाखान्याच्या आवारात सांगितलं. तो कठड्यावर बसला होता, शर्टाला बहिणीचं रक्त.

“तू सरकवलीस?”

“हो.”

“केव्हा?”

“त्या लाल दिव्याच्या दिवशी.”

“म्हणजे मशीनने नाही सांगितलं मला. तू सांगितलंस.”

“मी कधीपासून तोंडाने सांगत होते, तुषार. ते ऐकलं असतंस तर—”

“ताईला का नाही सांगितलंस?”

“मला... लक्षात नाही आलं, रेघ तिकडे कुठे जाते ते.”

हे तिने जमिनीकडे बघत म्हटलं. तुषारने मान हलवली. त्याने विश्वास ठेवला, आणि ते तिला रागावण्यापेक्षा वाईट लागलं.

मग तिने प्रभुणेंना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. तिला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत.

“जाळी मूळ जागी आणा,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “आणि याची चर्चा नको. तुम्ही अडचणीत याल, आम्हीही येऊ. बाय द वे, या महिन्याची अचूकता अठ्ठ्याण्णव पूर्णांक नऊ आली आहे.”

“तिथे माझी नणंद पडली आहे.”

“फार वाईट झालं. पण तो प्राणी तुकड्यात नव्हता, त्यामुळे आकड्यावर परिणाम होत नाही.”

त्या क्षणी मोनालीच्या डोक्यातली कुठलीतरी जुनी, सहनशील वस्तू तुटली. ती शिव्या देणाऱ्यांतली नव्हती. तिने फोन ठेवला, जाळी होती तिथेच राहू दिली, तालुक्याला फ्लेक्स छापणाऱ्याकडे गेली, आणि हिवरटेकच्या शिवाराचं चित्र दहा फूट बाय आठ फूट छापून घेतलं. त्यावर जाळीच्या रेघा लाल रंगाने. प्रत्येक रेघ तीन मीटर रुंद, तिच्या खऱ्या मापाची.

गुरुवारी ग्रामसभा होती. तिने तो फ्लेक्स मारुतीच्या देवळापुढे दोन खांबांना बांधला आणि सांगितलं, हे लाल दिसतंय तिथे राखण आंधळी आहे. आज आहे, काल होती, पहिल्या दिवसापासून आहे. पंधरा दिवसांपूर्वी मी रेघा सरकवल्या. माझ्या घरावरची रेघ गेली आणि वनिताताईंच्या गोठ्यावर आली. कुठेही सरकवल्या तरी कुणाच्या तरी दारावर येतात. रेघाच नकोत असं पुण्याचे साहेब करू शकतात, पण करत नाहीत.

मग व्हायचं ते झालं. अर्धा तास कुणाचंच कुणाला ऐकू येत नव्हतं. कुणी म्हणालं, नवऱ्यासाठी नणंदेला खाऊ घातली. कुणी म्हणालं, राखण बंद करा. कुणी म्हणालं, बंद केली तर कसं जायचं उसात, सवय मोडली आता. सरपंच म्हणाले, ठराव करून वर पाठवू. मोनालीला हसू आलं आणि ते दिसलं, त्यावरूनही चार जण भडकले.

वनिताताई खुर्चीवर बसल्या होत्या, हात गळ्यात अडकवलेला. त्या उठून फ्लेक्सजवळ गेल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. स्वतःचा गोठा त्यांना सापडला.

“हे मला कागदावर कळत नाही,” त्या म्हणाल्या. “रानात दाखव. कुठनं कुठपर्यंत आहे ते पायाखाली दिसलं पाहिजे.”

दुसऱ्या दिवशीपासून तेच सुरू झालं. सगळ्या रेघा आखायच्या तर एका गावातच दीडशे किलोमीटर भरल्या असत्या. म्हणून जिथे रेघ वाट ओलांडते, दारातून जाते, गोठ्याला किंवा विहिरीला लागते, तेवढ्याच जागी आखायचं ठरलं. मोनाली मोबाइलवर जागा काढून सांगे, आणि कबड्डीच्या मैदानाला टाकतात ती पांढरी फक्की लोक जमिनीवर टाकत. आठवड्याभरात शिवार पांढऱ्या पट्ट्यांनी भरलं. शाळेकडे जाणाऱ्या वाटेवर सात पट्टे निघाले. पट्टा आला की लोक थांबत, टाळ्या वाजवत, मोठ्याने बोलत, आजूबाजूला बघून पुढे जात. आणि पट्ट्यावर ओरडायची सवय लागल्यावर पट्टा नसलेल्या ठिकाणीही ते ओरडू लागले. बायका पुन्हा चौघी मिळून गवताला निघाल्या. तुषारने काठी घेतली आणि वळशाच्या रस्त्याने जाऊ लागला. दूध दोनदा नासलं, त्यावर तो एक शब्द बोलला नाही. मोनालीशीही तो फारसं बोलत नव्हता.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. प्रमाणित जाळीत अनधिकृत बदल केल्याबद्दल मोनाली डुंबरे यांची सेवा समाप्त. तुकडे कापायचं काम आता पुण्यातूनच होईल, जाळी मूळ जागी ठेवली जाईल. शिवारात पांढरे पट्टे आखून जनतेत संभ्रम निर्माण केल्याबद्दल वेगळा खुलासा मागवला होता. तीस ठिपके चढवण्याबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं.

म्हणजे सगळ्या उभ्या रेघा पुन्हा पन्नास मीटर डावीकडे जाणार होत्या, आणि आखलेले निम्मे पट्टे चुकीचे ठरणार होते.

लोकांनी कपाळाला हात लावला. पण फक्कीची पोती पुन्हा निघाली. दुपारी दोनच्या उन्हात मोनाली कालव्यावर पोचली, तेव्हा तिथे एकट्या वनिताताई उभ्या होत्या. पोतं त्यांनी डाव्या हाताने फरफटत आणलं होतं.

“तुम्ही कशाला आलात, ताई? हाताला आराम सांगितलाय ना?”

“घरी बसून हाताकडं किती बघायचं? चल, कुठनं टाकायची सांग.”

मोनालीने मोबाइलवर जागा काढली. रेघ पुन्हा कालव्याच्या वाटेवर आली होती, डुंबरे मळ्याच्या दारावर. दोघी वाकून फक्की टाकत निघाल्या. वनिताताईंच्या डाव्या हाताला सवय नव्हती, त्यांची रेघ वाकडी जात होती, आणि मोनालीने सरळ करायला हात लावला की त्या चिडत होत्या. “राहू दे वाकडी. बिबट्या काय पट्टी घेऊन येणार आहे मोजायला?”

पन्नासेक पावलांवर त्या थांबल्या. उजवी बोटं हळूच मिटून पाहिली. दोन मिटली, दोन अर्धीच राहिली.

“एक विचारू?”

“विचारा.”

“त्या दिवशी माझ्या गोठ्यामागं रेघ नेलीस. तुषार म्हणतो, तुझ्या लक्षात आलं नव्हतं.”

मोनाली पोत्याच्या तोंडाशी बसली होती. हो म्हटलं असतं तर विषय संपला असता. कुणी पुन्हा विचारलं नसतं.

“आलं होतं,” ती म्हणाली. “मी मोठं करून बघितलं होतं. तुमचा गोठा, चर, सगळं. बघूनच कापलं.”

कालव्याचं पाणी वाहत होतं, पलीकडे कुणीतरी पट्ट्याजवळ येऊन उगाच जोरजोरात खाकरत होतं.

“तुषार फोन उचलत नव्हता,” मोनाली म्हणाली. “बिबट्या वाटेवरच बसला होता. आणि तुमच्याकडे वर्षभर दिसला नव्हता. मला वाटलं...”

“ते कळलं गं मला. नवऱ्यासाठी केलंस. मीही केलं असतं.” वनिताताईंच्या बोलण्यात राग होता, पण तो ज्या गोष्टीवर मोनालीला वाटत होता तिच्यावर नव्हता. “पण नंतर? दहा दिवस होते. मला एक फोन करायचास. ताई, तुमच्या गोठ्यामागं आता दिव्याला दिसत नाही, एवढंच. मी उजाडल्यावर गेले असते. बास. एवढंच लागत होतं.”

चौदा तक्रारी मोनालीने पुण्याला पाठवल्या होत्या.

वनिताताईंनी डाव्या मुठीत फक्की घेतली आणि पुढे वाकल्या. थोड्या वेळाने, मागे न बघता, म्हणाल्या, “आता इथनं पुढं कुणाकुणाची घरं लागतात या रेघेवर?”

“सहा.”

“त्यांचे नंबर आहेत तुझ्याकडं?”

“आहेत.”

“मग थांबलीस का? लाव.”